सहा महिन्यांच्या कामासाठी कोणता फ्रीक्वेंट फ्लायर? मुंबईहून उडणाऱ्यांसाठी तुलना

कंपनीने सहा-आठ महिन्यांसाठी बाहेरच्या प्रोजेक्टवर पाठवलं, की पहिल्या तिकिटाबरोबरच प्रश्न येतो: फ्रीक्वेंट फ्लायर मेंबरशिप, म्हणजे प्रवासावर पॉइंट देणारी योजना, कोणत्या विमान कंपनीची घेऊ? अंधेरीतल्या एका कंपनीत मी ट्रॅव्हल डेस्क सांभाळते. हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, जास्त पॉइंट कुठे मिळतात. मी आधी वेगळंच विचारते: काम संपल्यावर हे पॉइंट कशावर खर्च करणार? गोव्याला घरच्यांना घेऊन जायचंय, की मुलीला भेटायला जर्मनीला? ज्याचं विमान वर्षानुवर्षं चालूच असतं, त्याला कोणताही प्रोग्रॅम शेवटी परवडतो. थोड्या काळासाठी उडणाऱ्याच्या खात्यात मधल्यामध्ये अडकलेले पॉइंट राहतात. तिकिटाला कमी पडतात आणि सोडवतही नाहीत. म्हणून मी ही तुलना काम संपल्याच्या दिवसापासून मागे मोजत करते.

आधी देशातल्या देशात. मुंबई-दिल्ली, मुंबई-बेंगळुरू, मुंबई-हैदराबाद असं दर आठवड्याला जाणं-येणं असेल, तर खरी निवड दोघांतच आहे: इंडिगोचं ब्लूचिप आणि एअर इंडियाचा महाराजा क्लब.

इंडिगो २००६ पासून उडतेय, पण स्वतःचा लॉयल्टी प्रोग्रॅम तिने २०२४ मध्ये आणला. त्यात ब्लू ३, ब्लू २ आणि सर्वांत वर ब्लू १ अशा मेंबरांच्या पायऱ्या आहेत. देशातल्या विमानप्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक इंडिगोनेच जातात. छोट्या मुदतीच्या प्रवाशासाठी याचा अर्थ असा की तुम्ही ठरवा वा न ठरवा, तुमची निम्मी-अधिक तिकिटं इंडिगोचीच निघणार. संध्याकाळची मीटिंग लांबली तर पुढचं विमान तिचंच सापडतं. काम संपल्यावर ते पॉइंट नागपूर, गोवा, कोची, कुठेही वापरता येतात, कारण ती तिथेही जाते. उणीव एकच, पण मोठी आहे. इंडिगो कोणत्याही जागतिक अलायन्समध्ये, म्हणजे एकमेकींचे पॉइंट आणि पायऱ्या मानणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटात नाही, त्यामुळे तिची पायरी परदेशी कंपनीच्या काउंटरवर कोणी विचारत नाही.

महाराजा क्लब म्हणजे जुनं फ्लाइंग रिटर्न्स. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक या हिशोबाने इथे आले. त्याआधी त्याच वर्षी एअर इंडियाने अख्खी रचना बदलली होती. पूर्वी अंतरावर मिळणारे पॉइंट आता खर्चावर मिळतात. रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा चार पायऱ्या आहेत. याची सगळी किंमत स्टार अलायन्स या गटामध्ये आहे. एअर इंडिया २०१४ पासून तिथे आहे, त्यामुळे सिंगापूर, लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, युनायटेड, जपानची आना अशा कंपन्यांवर उडूनही पॉइंट याच खात्यात जमा करता येतात. महाराजा क्लबचं गोल्ड म्हणजे स्टार गोल्ड, अख्ख्या अलायन्समध्ये चालणारी पायरी. त्यावर अलायन्समधल्या कंपन्यांचा लाउंज, लवकर चेक-इन आणि जादा सामान मिळतं. सिल्व्हरला मात्र अलायन्समध्ये फारसं काही नाही, वेटिंग लिस्टवर थोडं वरचं स्थान एवढंच. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. सिल्व्हर गाठलं की निम्मं काम झालं असं वाटतं, पण परदेशात उपयोगी पडणारी पायरी गोल्डची असते.

मग देशांतर्गत सहा महिन्यांसाठी काय? माझं मत स्पष्ट आहे: पायरीच्या मागे लागू नका. देशांतर्गत पायरीचे मुख्य फायदे म्हणजे लवकर चेक-इन, थोडं जास्त सामान आणि लाउंज. लॅपटॉपची बॅग घेऊन सोमवारी जाणारा आणि गुरुवारी परतणारा माणूस सामान टाकतच नाही. वेब चेक-इन आणि चेहरा ओळखून आत सोडणारं डिजीयात्रा अॅप असेल तर रांगेचाही प्रश्न बराचसा सुटतो. लाउंज अनेकांना क्रेडिट कार्डावर मिळतो, फक्त तिमाहीत ठरावीक खर्च केल्याची अट आता बऱ्याच बँकांनी घातली आहे, ती तपासा. आणि गडबडीच्या वेळी कोणतीही पायरी पुरी पडत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांवरून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा विमानच नसल्याने ब्लू १ वालेही तिथेच उभे होते.

त्यापेक्षा विमानतळ बघा. एअर इंडियाची विमानं टर्मिनल २ वरून, म्हणजे सहारवरून सुटतात. इंडिगोची सांताक्रूझच्या टर्मिनल १ वरूनही सुटतात आणि २ वरूनही. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला, तिथून इंडिगोही उडते. पनवेल, खारघर, उरणच्या माणसाला पहाटेचं विमान नवी मुंबईहून मिळत असेल, तर शंभर-दोनशे रुपयांच्या पॉइंटसाठी त्याने सहार गाठण्यात अर्थ नाही. उलट बीकेसी किंवा वरळीत राहणाऱ्याला भूमिगत मेट्रो ३ मुळे टी-१ आणि टी-२ दोन्ही जवळ आले आहेत. सहा महिने आठवड्यातून दोनदा करायची ही धावपळ आहे. झोपेचा हिशोब पॉइंटच्या आधी येतो.

पॉइंटची खरी किंमत काढायची पद्धतही सांगते, कारण आकडे मोठे दिसतात आणि माणूस भुलतो. समजा एक तिकीट रोखीत ७,००० रुपयांना आहे. तेच पॉइंटवर घेतलं तर ९,००० पॉइंट आणि वर १,२०० रुपये कर व विमानतळ शुल्क. म्हणजे ९,००० पॉइंटनी तुमचे ५,८०० रुपये वाचवले, एका पॉइंटला साधारण ६४ पैसे पडले. हेच गणित ज्या मार्गावर तुम्हाला प्रत्यक्षात जायचंय त्या मार्गावर, ज्या तारखांना जायचंय त्या तारखांना दोन्ही कंपन्यांच्या अॅपवर करा. दिवाळी आणि मे महिना यांच्या तारखा घालून बघा, कारण घरचे तेव्हाच मोकळे असतात. कमावतानाही लक्षात ठेवा की पॉइंट मूळ भाड्यावर आणि कंपनीच्या सरचार्जवर मिळतात. जीएसटी आणि विमानतळ शुल्क त्यात धरत नाहीत. ६,५०० च्या तिकिटात मूळ भाडं आणि सरचार्ज मिळून ५,००० असतील, तर हिशोब ५,००० चा.

आता परदेश. मुंबईकराच्या कामाच्या फेऱ्या मुख्यतः दोन दिशांना असतात, आखात आणि सिंगापूर. इथे निवड जास्त अवघड आणि जास्त मोलाची आहे.

दुबईसाठी एमिरेट्स स्कायवर्ड्स. इथे पॉइंटना माइल्स म्हणतात, आणि पायरी ठरवण्यासाठी मोजले जातात ते टियर माइल्स. एमिरेट्स कोणत्याही अलायन्समध्ये नाही. पण छोट्या मुदतीच्या माणसासाठी यात एक सोय आहे, जी मला फार आवडते: सिल्व्हर पायरी २५,००० टियर माइल्सवर मिळते किंवा २५ पात्र उड्डाणांवर. गोल्डही ५०,००० माइल्स किंवा ५० उड्डाणं. मुंबई-दुबई हा जवळचा मार्ग आहे, त्यावर माइल्स फार साचत नाहीत, पण उड्डाणं मोजली जातात. एक जाणं-येणं म्हणजे दोन उड्डाणं. दर पंधरवड्याला दुबईला जाणारा सिल्व्हरपर्यंत पोचू शकतो आणि सिल्व्हरला दुबई विमानतळावर बिझनेस लाउंज मिळतो. माइल्स साधारण तीन वर्षं टिकतात आणि तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस संपतात. ‘माय फॅमिली’ खात्यात आठ जणांपर्यंत घरच्यांचे माइल्स एकत्र करता येतात. काम संपल्यावर बायको-मुलांसह एक ट्रिप करायची असेल तर हे सोयीचं आहे. थोडे माइल्स आणि थोडे पैसे असंही भरता येतं, त्यामुळे अर्धवट शिल्लक वाया जात नाही.

सिंगापूरसाठी सिंगापूर एअरलाइन्सचं क्रिसफ्लायर. हा प्रोग्रॅम उत्तम आहे, पण सहा महिन्यांच्या माणसाची सर्वांत जास्त फसगत मी इथे पाहते. एलिट सिल्व्हरला बारा महिन्यांत २५,००० एलिट माइल्स (पायरीसाठी मोजले जाणारे) आणि गोल्डला ५०,००० लागतात. मुंबई ते सिंगापूर एका बाजूला सुमारे २,४३० मैल, जाऊन-येऊन ४,८६०. पूर्ण माइल्स देणारं भाडं असेल तर सहा फेऱ्यांत सिल्व्हर आणि अकरा फेऱ्यांत गोल्ड. कंपनीने इकॉनॉमी लाइट काढलं असेल तर निम्मेच माइल्स मिळतात, मग सिल्व्हरलाच अकरा फेऱ्या आणि गोल्डला एकवीस. सहा महिन्यांत एकवीस फेऱ्या कोण करतं? म्हणून क्रिसफ्लायर घेण्याआधी तिकिटावर कोणतं भाडं छापलंय ते बघा: लाइट, व्हॅल्यू, स्टँडर्ड की फ्लेक्सी. पूर्ण माइल्स देणारं भाडं असेल आणि महिन्याला दोन-तीन फेऱ्या असतील, तर गोल्डचा विचार करा. हे गोल्ड म्हणजे स्टार गोल्ड, ते एअर इंडियाच्या देशांतर्गत विमानालाही चालतं. लाइट असेल तर पायरी विसरा आणि माइल्स फक्त खर्च करण्यासाठी जमवा. ते ३६ महिने टिकतात आणि तुमच्या माइल्सवर घरातल्या पाच जणांपर्यंत तिकीट काढायची सोय आहे.

एक तिसरी वाट कमी लोक घेतात. एअर इंडिया, सिंगापूर, लुफ्तान्सा असा सरमिसळ प्रवास असेल आणि काम संपल्यावर दोन-तीन वर्षं विमानात पाय ठेवण्याची शक्यता नसेल, तर युनायटेडचं माइलेजप्लस. २०१९ पासून त्याच्या माइल्सना मुदत नाही. माइल्सवर तिकीट काढताना कंपनीचा इंधन सरचार्जही ते लावत नाहीत, फक्त सरकारी कर आणि विमानतळ शुल्क भरावं लागतं. पायरीसाठी मात्र हा प्रोग्रॅम आपल्या कामाचा नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या विमानांनी किमान चार उड्डाणं लागतात. आणि स्वस्तातल्या काही बुकिंग क्लासवर दुसऱ्या कंपनीच्या खात्यात शून्य माइल्स मिळतात. ई-तिकिटावर इकॉनॉमीच्या बाजूला जे एकच अक्षर असतं, तो हा क्लास. ज्या कंपनीकडे माइल्स जमा करायचे तिच्या तक्त्यात तो बघितल्याशिवाय बुकिंगमध्ये मेंबरशिप नंबर घालू नका.

कंपनीच्या तिकिटांबद्दल थोडं. कॉर्पोरेट भाड्यावर तिकीट निघालं तरी पॉइंट प्रवाशाच्या खात्यात जातात, पण मेंबरशिप नंबर बुकिंगच्या वेळी द्यावा लागतो आणि ट्रॅव्हल डेस्ककडे तुमचा नंबर नसेल तर आम्ही तो कुठून घालणार? पहिल्याच दिवशी ईमेल करून कळवा. तुमची कंपनी छोटी असेल आणि तिकिटं मालकाच्या नजरेखालून जात असतील, तर त्यांना सिंगापूर एअरलाइन्सचं हायफ्लायर आणि एमिरेट्सचं बिझनेस रिवॉर्ड्स सुचवा. त्यात कंपनीला वेगळे पॉइंट मिळतात आणि तुमचे तुम्हालाही मिळतातच.

नावाचा घोळ आमच्याकडे रोजचा आहे. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं असतात. तिकीट पासपोर्टप्रमाणे निघतं, पण मेंबरशिप घाईत फोनवर घेतलेली असते आणि तिथे नुसतं पहिलं नाव नि आडनाव लिहिलेलं असतं. नावं जुळत नाहीत आणि पॉइंट जमा होत नाहीत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या पण पासपोर्ट न बदललेल्या मैत्रिणींचं तर हे हमखास होतं. खातं उघडताना पासपोर्ट समोर धरा आणि अक्षर न् अक्षर तसंच भरा. पॉइंट दिसेपर्यंत बोर्डिंग पासचा फोटो ठेवा, नंतर मागणी करताना तोच लागतो.

दोन प्रोग्रॅम ठेवावेत का, हेही विचारलं जातं. ठेवा, पण दोनच: एक देशातला, एक बाहेरचा. माझ्या डेस्कवरून निघणारा सल्ला साधारण असा असतो. फक्त देशात फिरणार असाल आणि नंतर सुट्टीवर जायचं असेल तर ब्लूचिप. देशात फिरणार, पण पुढे युरोप किंवा अमेरिकेला कोणाकडे जायचं आहे, तर थोडं महाग पडलं तरी महाराजा क्लब. दुबईची फेरी असेल तर स्कायवर्ड्स, आणि फेऱ्या मोजत राहा. सिंगापूर असेल तर आधी भाड्याचा प्रकार, मग क्रिसफ्लायर.

आणि काम संपलं की पॉइंट पुढच्या वर्षावर ढकलू नका. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जेटचे माइल्स वेगळ्या कंपनीकडे होते म्हणून इंटरमाइल्स या नावाने टिकले, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले ती विमानंच राहिली नव्हती. चालू असलेल्या कंपन्याही एका तिकिटाला लागणारे पॉइंट सूचना देऊन किंवा न देता वाढवतात. प्रोजेक्टचा शेवटचा महिना लागला की त्याच आठवड्यात अॅप उघडा, घरच्यांना तारखा विचारा आणि तिकीट काढून टाका.