एसटी स्टँडवरचं ‘पे अँड यूज’ : पाचपैकी दोन तारे

आमच्या तालुक्याच्या स्टँडवरचं स्वच्छतागृह ठेकेदाराकडे गेल्यापासून पूर्वीपेक्षा स्वच्छ झालंय, हे आधी सांगते. पूर्वी नाकाला पदर लावून जावं लागायचं आणि नळाला पाणी नसायचंच. आता पाणी असतं, दारांना आतून कड्या लागतात आणि सकाळच्या मावशी फिनेल टाकून खरोखर घासतात. एक तारा मावशींचा, एक पाण्याचा.

बाकीचे तीन टेबलापाशी कापले. दारातच लोखंडी टेबल, त्यावर सुट्ट्या पैशांचा स्टीलचा डबा, स्कॅन करायचा कोड चिकटवलेला आणि मागे खुर्चीत एक पोरगा. त्याच्या डोक्यावर बोर्ड : लघवी मोफत, शौचालय 5 रुपये, स्नान 10 रुपये. पुरुषांची मुतारी बाहेरच्या अंगाला आहे, तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही. बायकांची वाट मात्र टेबलावरूनच जाते आणि डब्यात पाच रुपये पडल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. मी बोर्डाकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, “काकू, तुम्ही आत कशाला चाललात ते मला कसं कळणार?”

शंका त्याला आणि भुर्दंड आम्हाला! मुंबईतल्या बायकांनाही हेच ऐकवलं जायचं. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, या भेदावरूनच तिथे 2011 मध्ये ‘राइट टू पी’ची, म्हणजे लघवीच्या हक्काची, मोहीम उभी राहिली. इतक्या वर्षांनी आमच्या स्टँडवर तेच चालू आहे.

माझ्या आईला पंचाहत्तर पूर्ण झालीत. ऑगस्ट 2022 पासून या वयाच्या माणसांना एसटी फुकट आहे आणि मार्च 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही निर्णयांचा आम्हाला मोठा आधार झाला. पण आईला शुगर आहे, डोळ्यांच्या तपासणीला शहरात न्यायचं तर येता-जाता स्टँडवर दोनदा तरी जावं लागतं. एसटीत तिला एक रुपया लागत नाही आणि लघवीला दर खेपेला पाच लागतात. बाकावर शेजारी भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाईने तर सांगितलं, स्टँडवर यायचं असलं की ती सकाळपासून पाणीच पीत नाही. याचा मला फार राग येतो.

तक्रार करायला गेले. चौकशीच्या खिडकीत कंट्रोलर म्हणाले, “ते ठेकेदाराकडे आहे ताई, आमच्याकडे नाही.” ठेकेदाराचा नंबर बोर्डावर होता, तो नव्या रंगाखाली गेलाय. तक्रारवही आगार व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये कुलपात आणि साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला वही मिळाली, लिहिलं. उत्तर आलं : विषय विभागीय कार्यालयाचा आहे, तिकडे लेखी अर्ज करावा, सोबत पैसे भरल्याची पावती जोडावी. पावती मागितली तर पोरगा म्हणतो, पाच रुपयांची कसली पावती?

त्या पोरावर माझा राग नाही. रोज संध्याकाळी ठरलेला आकडा जमा करावा लागतो, कमी पडला तर पगारातून कापतात, असं तो स्वतःच म्हणाला. पैसे द्यायलाही माझी ना नाही. शौचालयाचे पाच मी आनंदाने देते, कारण स्वच्छता ठेवायला खर्च येतो. पण जे मोफत म्हणून यांनीच रंगवून ठेवलंय, त्याचे पैसे कुठल्या हिशेबात जातात ते कुणीतरी सांगायला हवं. टेबल शौचालयांच्या दाराशी सरकवलं आणि लघवीची बाजू मोकळी सोडली, तरी निम्मा प्रश्न सुटेल. जागा आहे, मी पाहिली आहे.

तोवर बायांनो, बोर्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि टेबलापाशी दाखवा. गेल्या खेपेला मी दाखवला, तर त्याने आईला आणि मला काही न बोलता सोडलं. आमच्या मागे कॉलेजच्या दोन मुली होत्या, त्यांच्याकडून पाच-पाच घेतले.