ग्रुपची ग्रँट घ्यावी की जमीनमालकाची?

ओढ्याकाठची झाडी परत उभी करायचीय तर ग्रँट, म्हणजे अनुदानाचे पैसे, कुणाच्या नावावर मागायचे, श्रमदान करणाऱ्या ग्रुपच्या की काठच्या जमीनमालकाच्या, हा प्रश्न येतोच. ग्रुपच्या नावावर घेतली तर लांब पट्टा एकदम हाती घेता येतो, आणि हे फार महत्त्वाचंय कारण वरच्या अंगाला तण तसंच राहिलं तर पुरात त्याचं बी वाहत खाली येतं आणि सगळी मेहनत वाया. श्रमदानाचे तास लिहून ठेवले तर बऱ्याच योजनांत ते खर्चातला आपला वाटा म्हणून धरतात. पण संस्था रजिस्टर हवी, खातं हवं, प्रत्येक मालकाची लेखी परवानगी हवी, यातच महिने जातात.

मालकाची ग्रँट त्यामानाने सुटसुटीत, सही एकाचीच. कुंपण घालून गुरं लांब ठेवायची असतील तर मी हीच घेईन, खुरांनी काठ तुडवला जायचा थांबला की माती धरते आणि कितीतरी रोपं न लावताच उगवतात, हे बघून खरंच बरं वाटतं. मात्र काही योजनांत खर्च आधी आपला, पैसे नंतर बिलं दाखवून, आणि कुंपण किती वर्षं सांभाळायचं ते करारात असतं, सही करण्याआधी ते वाचाच. आणि दोन्हीतही पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांचं पाणी, निंदणी बजेटात आधीच लिहा, नुसत्या लावणीचे पैसे मागितले तर रोपं जळतात.