कोकणात कारचा धूर कमी करायचा, तर विजेची गाडी की एसटी-रेल्वे?

एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो कमी करायला सरकारपुढे दोन वाटा आहेत: लोकांची गाडी बदलायची, नाहीतर गाडीची गरजच कमी करायची.

विजेच्या गाड्यांवर जीएसटी फक्त 5 टक्के. पण राज्यातली बरीच वीज अजून कोळशाची, आणि सवलतीचा फायदा नवी गाडी परवडणाऱ्यालाच. शिवाय गणपतीला मुंबई-गोवा महामार्गावर विजेच्या गाड्या आल्या तरी रांग तेवढीच! (धूर सोडत नाहीत, हे मान्य.)

एसटी-रेल्वेची वाट मला जास्त पटते. कोकण रेल्वेचा मार्ग 2022 मध्ये पूर्ण विजेवर आला. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. अडतं ते शेवटच्या टप्प्याला. रत्नागिरीचं स्टेशन शहराबाहेर, सावंतवाडीचं तर मळगावात. रात्री सामानासकट उतरलं की रिक्षावाला सांगेल तो भाव. मग पुढच्या खेपेला माणूस मुकाट कार काढतो. तेव्हा पैसा आधी इथे घालावा: रेल्वेच्या वेळेला धरून स्टेशनावरून एसटी सुटावी. दापोली, गुहागरला तर रेल्वे नाहीच. तिथे एसटीच्या फेऱ्या वाढल्याशिवाय कार सुटणार नाही.