दहा महिने, २४ सेशन: संधिवात आणि ट्रॉमा दोन्ही घेऊन समुपदेशनाला गेले त्याचा अनुभव

मागच्या मे महिन्यात समुपदेशन सुरू केलं, आता मार्च चाललाय. २४ सेशन झाली, त्यातली ७ व्हिडिओ कॉलवर. अजून सगळं बरं झालेलं नाहीये म्हणून लिहू का नको असं चाललं होतं, पण सुरू करायच्या आधी मी रात्र रात्र हेच शोधत बसायचे की संधिवात आहे आणि वर असं काहीतरी बघून आलेलं माणूस काउन्सेलिंगला गेलं तर त्याचा काही उपयोग होतो का, कुणी मराठीत लिहिलंय का, आणि मला फारसं काही सापडलं नव्हतं. म्हणून लिहितेय. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आधी थोडं मागचं. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. बाबा नाशिकला, मी पुण्याहून गेले. ऑक्सिमीटरवर ८८, मग ८४, मग ७९, आणि बेडसाठी रात्रभर फोन. एका ठिकाणहून दुसऱ्या ठिकाणी हलवायचं मी ठरवलं, भाऊ परदेशात होता, आईला तापच होता, विचारणार कुणाला. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. त्या पलीकडचं मी इथे लिहिणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात सकाळी बोटं आखडायला लागली, आधी वाटलं थंडी, मग मनगटं सुजली, जानेवारीत रूमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. तेव्हापासून रविवारी मेथोट्रेक्सेट, म्हणजे संधिवाताची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, सोमवारी मळमळ, आणि दर तीन महिन्यांनी रक्त: सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन.

आणि खरा घोळ इथे होता जो मला स्वतःला तीन वर्षं कळला नाही. या आजारात हॉस्पिटल सुटत नाही, आणि हॉस्पिटलच मला सहन होत नव्हतं. सॅनिटायझरचा वास आला की छातीत धडधड, लिफ्टचं दार बंद झालं की हातपाय गार. बोटाला तो ऑक्सिमीटरचा चिमटा लावायला नर्स पुढे आली की मी हात मागे घ्यायचे. शेवटी मी टाळायलाच लागले, सात महिने रक्त तपासलं नाही. मेथोट्रेक्सेट चालू असताना हे किती चुकीचं आहे हे मला माहीत होतं, डॉक्टर ओरडले, नवरा ओरडला, मी दोघांना "हो जाते" म्हणायचे आणि जायचे नाही. घरात सगळ्यांना वाटायचं आळस करते, निष्काळजी आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

आत्ता ज्यांच्याकडे समुपदेशन घेते त्या मॅडमच्या आधी मी एका ठिकाणी गेले होते ते सांगायलाच हवं, नाव घेत नाही. पहिल्याच भेटीत पाऊण तासात त्या सरांनी माझ्याकडून त्या तीन दिवसांचं सगळं वदवून घेतलं, मी रडत रडत सांगितलं, वेळ संपली, पुढचा माणूस बाहेर बसलेला होता. रिक्षात बसल्यावर मला घराचा पत्ता नीट सांगता येईना. पुढच्या भेटीत म्हणाले, तुमचं दुखणं म्हणजे दाबून ठेवलेल्या भावना आहेत, त्या मोकळ्या झाल्या की सांधे आपोआप सुटतील. आणि मी ऐकलं हो. कुणालाही न सांगता दोन आठवडे गोळी घेतली नाही. मग सांधेदुखीचा असा झटका आला की नवऱ्याने मला बाथरूमपर्यंत धरून नेलं. कृपा करून कुणी असं करू नका. मनाचा शरीरावर परिणाम होतो हे खरंच आहे, पण त्यावरून गोळ्या सोडायला लावणारा माणूस भेटला तर तिथून उठून या.

मग माझ्या रूमॅटॉलॉजिस्टनीच, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांनी, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सुचवल्या. यावेळी आधी आरसीआयची नोंदणी विचारली, म्हणजे रीहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना ती लागते, नुसतं "काउन्सेलर" असा बोर्ड कुणीही लावू शकतं हे मला आधी ठाऊकच नव्हतं. ट्रॉमावर काम केलंय का, दीर्घ आजाराच्या पेशंटसोबत केलंय का, हेही फोनवर विचारलं. मॅडमना राग नाही आला, उलट म्हणाल्या बरं झालं विचारलंत.

पहिलं सेशन मला अजून जसंच्या तसं आठवतंय. मी तयारी करून गेले होते, आता परत सगळं सांगायचं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी बोटं किती वाजता सुटतात?" मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं साडेदहा-अकरा. म्हणाल्या, मग आपण दहाची वेळ नको घ्यायला, बाराची घेऊ. खुर्ची चालतेय का विचारलं, हातांखाली उशी दिली, आणि म्हणाल्या, "त्या दिवसांबद्दल आज काहीच सांगायचं नाहीये. सांगावंसं वाटलं तरी थोडं थांबू." मला त्या उशीनेच रडू आलं. इतक्या वर्षांत कुणी माझं मन आणि माझे हात एकाच वाक्यात घेतले नव्हते.

पहिले दोन महिने आठवड्याला एक सेशन, आणि सगळं फक्त सावरायचं शिकण्यात गेलं. ज्युडिथ हर्मन म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी ट्रॉमातून बरं होण्याचे तीन टप्पे मांडलेत, आधी सुरक्षित वाटणं, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. मॅडम त्याच क्रमाने जातात. मला घाई होती, मी दोनदा म्हटलं की आपण मुद्द्यावर कधी येणार, तर म्हणाल्या हाच मुद्दा आहे. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हा शब्द ऐकून मी म्हटलं होतं अहो ते तर सैनिकांचं असतं ना. म्हणाल्या, १९८० साली अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत तो शब्द आला त्यामागे व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते हे खरं, पण त्यांच्यापुरता तो कधीच नव्हता.

घाबरल्यावर जागेवर यायचं म्हणून लोकांना हातात बर्फ धरायला सांगतात. माझ्या बोटांना बर्फ म्हणजे शिक्षा. मग आम्ही शोधत शोधत वेलचीवर आलो. पर्समध्ये छोट्या डबीत वेलची, सॅनिटायझरचा वास आला की एक फोडायची, हुंगायची, चावायची, आणि मनात म्हणायचं आज कुठलं साल आहे. ऐकायला साधं वाटेल, पण माझ्यासाठी हे चाललं. मॅडमकडूनही एकदा चूक झाली, रोज डायरी लिहा म्हणाल्या, मी आठवडाभर लिहिली आणि अंगठा सुजला. पुढच्या वेळी सांगितलं तर लगेच म्हणाल्या, माझं चुकलं, मी हातांचा विचार करायला हवा होता, आणि व्हॉइस रेकॉर्डिंगवर आणलं. कुणी तज्ज्ञ माणूस इतक्या सरळपणे माझं चुकलं म्हणतं हे मी पहिल्यांदा बघितलं.

सुरुवातीला नैराश्य किती आहे ते बघायचा एक नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला होता, पीएचक्यू-९, त्यात २७ पैकी माझे १७ आले. आता ७ आहेत. पण मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं की यातले थकवा, झोप, भूक हे प्रश्न संधिवातामुळेही वाढतात, त्यामुळे आकड्याकडे एकटं बघायचं नाही. तरी १७ म्हणून त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथे रूमॅटॉलॉजीची फाइल दाखवून गोळी सुरू झाली, ती अजून चालू आहे. झोप लागायला लागली ती त्या गोळीने, हे मी मान्य करते. समुपदेशन आणि गोळी यात एकच निवडायचं असं काही नसतं.

नवव्या सेशननंतर ईएमडीआर सुरू केलं. हे १९८७ मध्ये फ्रान्सिन शपिरो यांनी सुरू केलं, आणि २०१३ पासून डब्ल्यूएचओच्या शिफारशीत आहे. यात त्रासदायक आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी डोळे डावीकडे उजवीकडे हलवायचे किंवा दोन्ही बाजूंना आलटून पालटून टॅप करायचं. माझी मान दुखायची म्हणून डोळ्यांचं जमेना, खांद्यांवर टॅप करायचं ते "बटरफ्लाय हग" मनगटांना जमेना, शेवटी थरथरणारी दोन छोटी यंत्रं असतात, एरवी हातात धरतात, ती माझ्या तळव्यांखाली ठेवली. सहा सेशन झाली. काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी हलवलं म्हणून बाबा गेले, हे वाक्य माझ्या पोटात दगडासारखं होतं. चौथ्या सेशनला मला अचानक त्या रात्रीची मीच दिसले, चप्पल उलटसुलट घातलेली, एका हातात फोन आणि दुसऱ्यात बाबांची फाइल, आणि पहिल्यांदा त्या बाईची दया आली. बाबांची आठवण अजून येते, पण आता ती त्या रात्रीचीच येत नाही, सायकलवरून भाजी आणतानाचीही येते. त्या सेशननंतर दोन दिवस अंग मोडून आलं होतं, सांधेही बोलले, त्यामुळे ईएमडीआर करणार असाल तर दुसऱ्या दिवशी काही ठेवू नका.

बाबांच्या जाण्याच्या धक्क्याने मला संधिवात झाला का, हे मी मॅडमना तीन-चार वेळा विचारलंय. त्यांनी एकदाही हो म्हटलं नाही आणि उडवूनही लावलं नाही. म्हणाल्या, लहानपणीचे आघात आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध १९९८ पासूनच्या मोठ्या अभ्यासांत दिसतो, पण तो गटाचा संबंध असतो, तुमच्या एकटीच्या बाबतीत कारण हेच होतं असं कुणी सांगू शकत नाही, आणि आत्ताचा उपचार त्यावर अडूनही नाहीये. हे ऐकून मला खूप हलकं वाटलं, कारण कारण शोधता शोधता मी शेवटी स्वतःवरच येत होते.

मग हॉस्पिटल. ऑगस्टपासून पायऱ्या लावल्या. पहिल्या वेळी फक्त रिक्षातून समोर जायचं, पाच मिनिटं थांबून परत. मग गेटच्या आत. मग काहीही काम नसताना रजिस्ट्रेशनच्या खुर्चीत दहा मिनिटं. मग लिफ्टने एक मजला, नवऱ्यासोबत, मग एकटी. एका पायरीवर तीन आठवडे अडकले, मॅडम म्हणाल्या अडकू दे. दिवाळीच्या आधी लॅबमध्ये जाऊन बसले, तोंडात वेलची, त्या मुलीने विचारलं कोणता हात, मी म्हटलं डावा, शीर तिथे पटकन मिळते. बाहेर आल्यावर लक्षात आलं की आपण रक्त देऊन आलो. त्यानंतरची तपासणी फेब्रुवारीत, वेळेवर झाली.

दिवाळीवरून आठवलं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. फराळ करताना माझी दरवेळी चकलीपाशी गाडी अडायची, पीठ भिजवून व्हायचं आणि सोऱ्या हातात घेतला की रडू फुटायचं, नवरा म्हणायचा दुखतंय तर करू नकोस, विकत आणू. मलाही वाटायचं बोटांमुळे रडतेय, सोऱ्या फिरवायचा म्हणजे मनगटाचंच काम. मी हे सेशनला सांगत होते, पेसिंगबद्दल चाललं होतं, म्हणजे बरा दिवस आहे म्हणून सगळं एकदम उरकायचं नाही, वीस मिनिटं काम मग विश्रांती, टायमर लावून. तर मॅडमनी मध्येच विचारलं, "तुमच्या घरी सोऱ्या कोण फिरवायचं?" बाबा फिरवायचे. आई तळायची, बाबा लुंगी खोचून पाटावर बसून वर्तमानपत्रावर चकल्या पाडायचे, पहिली मोडकी मला. मी चार वर्षं हे बोटांचं दुखणं समजत होते. बोटं दुखतच होती, ते खोटं नव्हतं, पण त्याच्या खाली बाबा होते. यंदा मी वीस-वीस मिनिटांत पीठ केलं आणि सोऱ्या नवऱ्याने फिरवला. एक मोडकी चकली मी बाजूला काढून ठेवली.

एक सेशन नवऱ्यासोबत झालं. त्याला एवढंच शिकवलं की उपाय सुचवायच्या आधी विचार, "मदत करू की नुसता बसू?" तो आता खरंच विचारतो.

ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्याही लिहिते. पहिली वेळ मिळायला पाच आठवडे लागले, त्या अवस्थेत हे फार होतं. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, १८ पायऱ्या, गुडघेदुखीच्या माणसाने कसं चढायचं हे मी त्यांना सांगितलंय. सेशनचे १,५०० रुपये, म्हणजे आतापर्यंत ३६,००० गेले, आणि माझ्या पॉलिसीत ओपीडी नसल्याने विम्याचा एक रुपया नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं लिहिलंय, पण ॲडमिट न होता घेतलेल्या समुपदेशनाला माझ्या पॉलिसीत त्याचा फायदा झाला नाही. चांगली गोष्ट म्हणजे झटका आला तर दोन तास आधी सांगून व्हिडिओवर सेशन करता येतं, पैसे कापत नाहीत, मी दोन सेशन अक्षरशः आडवी पडून केलीत.

इतके पैसे शक्य नसतील तर टेलिमानस आहे, सरकारी, फुकट, २४ तास, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. वाट बघण्याच्या त्या पाच आठवड्यांत मी रात्री अडीच वाजता एकदा केला होता, पलीकडची मुलगी वीस मिनिटं शांतपणे बोलली.

आता महिन्यातून दोनदा जाते. सायरन ऐकला की अजून हात थांबतो. सकाळी बोटं अजून अकरालाच सुटतात, समुपदेशनाने सांधे बरे झालेले नाहीत, होणारही नव्हते. एप्रिल जवळ आला की मला आधीच झोप लागेनाशी होते, म्हणून बाबांच्या तिथीच्या आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन वेळा आत्ताच घेऊन ठेवल्यात, दोन्ही दुपारी बाराच्या.