टीव्ही सपाट होता

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. ओटीपी कुणाला देत नाही, वीज तोडण्याच्या मेसेजला भीक घालत नाही. तरी मार्चमध्ये एका जुन्या व्हिडिओ गेमपायी माझे 34,350 रुपये गेले. घरी 12,000 सांगितलेत, तेव्हा ओळखीच्यांनी कृपया तोंड बंद ठेवावं.

गेमचं नाव 'शूटिंग आर्केड'. अटारी 2600 या टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम कन्सोलसाठी 1989 च्या सुमारास तयार होत होता, बंदुकीने खेळायचा. पुढे गुंडाळला, दुकानात कधी आलाच नाही. त्या कन्सोलवर बंदुकीचा बाजारात आलेला गेम एकच, 'सेंटिनल'. माझ्याकडे मामाने मस्कतहून आणलेला 2600 आहे, 14 इंची डबा टीव्ही आहे, अटारीची 1987 ची एक्सजी-1 बंदूकही आहे. म्हणजे गिऱ्हाईक आयतंच.

विकणारा मराठीच. 'दादा, दादा' करून बोलायचा. काका कॅलिफोर्नियात सनीवेलला अटारीत टेस्टिंगला होते, ते गेल्यावर त्यांच्या खोक्यात हे प्रोटोटाइप कार्ट्रिज, म्हणजे गेमची विक्रीआधीची चाचणीची कॅसेट, निघालं म्हणे. टोकन 5,000. मग 27,500. मग 'इन्शुअर्ड कुरिअर' म्हणून 1,850. मेलेल्या काकाच्या गोष्टीला किंमत देऊ नका, बिल मागा.

आता जिथे डोळे उघडायला हवे होते ते सांगतो. त्याने चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. राखाडी बंदूक धरलेला हात, समोर भिंतीवर टीव्ही. खटकन चाप, निशाण पडलं. मी तो दहा-बारा वेळा पाहिला. शेजारी बसलेली माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, यांची बंदूक भिंतीवरच्या टीव्हीवर चालते, मग आपली का नाही चालत?"

मी म्हणालो, "अमेरिकन असेल."

अमेरिकन! अरे, हे मीच तिला दिवाळीत समजावलं होतं. डबा टीव्हीत चित्र एक किरण ओळीओळीने वरून खाली रंगवतो. बंदुकीतून गोळी सुटत नाही, तिच्या नळीत प्रकाश टिपणारा डोळा असतो. किरण त्या डोळ्यासमोरून गेला की गेमला कळतं, नेम कितव्या ओळीवर आहे. सपाट टीव्हीत तो किरणच नाही, वर चित्र उशिरा येतं ते वेगळंच. लहानपणी ज्यांनी टीव्ही गेममध्ये बदकं मारलीत आणि तीच बंदूक पुढे नव्या टीव्हीवर रोखून पाहिलीय, त्यांना हे ठाऊक आहे. व्हिडिओत कॉम्प्युटरवर गेम लावून बाजूला बसलेला कुणीतरी माउस दाबत होता, बाकी काही नाही. पोरीने पकडलं. मी त्या टीव्हीची साइज बघत होतो.

बरं, कार्ट्रिज आलं. पिवळट लेबल, त्यावर पेनने तारीख. "उघडू नका दादा, व्हॅल्यू जाते," असं तो तीनदा म्हणाला होता. उघडू नका म्हणणाऱ्याकडची वस्तू आधी उघडून बघा. मी सातव्या दिवशी स्क्रू काढले. आत इप्रॉम चिप (पुसून पुन्हा लिहिता येते ती), तिच्या काचेच्या खिडकीवर स्टिकर आणि चिपवर छापलेलं 9637. म्हणजे 1996 सालचा सदतिसावा आठवडा. अटारीने 2600 चं दुकान 1992 च्या सुरुवातीलाच बंद केलं होतं! गेमची फाइल नेटवर फुकट मिळते, ती जुन्या चिपवर चढवली की झालं 'प्रोटोटाइप'. चिपच्या आकड्यांचा फोटो पैसे देण्याआधी मागा. मी लेबलचा मागितला होता.

त्याला फोन केला तर बंद. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या मर्जीचा, आम्ही काय करणार. असले पैसे गेले तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच तासाला फोन करायचा असतो. मला कळेपर्यंत आठवडा उलटला होता.

चौकीत तर कहर. अर्जात 'बंदूक' शब्द वाचून हवालदारांनी मला बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लायसन्स?" खेळण्यातली आहे म्हटल्यावर, "मग खेळण्याला चौतीस हजार?" मागचे दोघे हसले. साहेब जेवायला गेले होते, ते पावणेपाचला आले. त्यांनी विचारलं, गेम चालतो का? मी खरं बोललो, चालतो. "चालतो तर फसवणूक कसली? वस्तू मिळाली ना?" नकली नोट दिली तर कागद मिळालाच की, असं म्हणणार होतो, म्हणालो नाही. दुसऱ्या खेपेला अर्ज ऑनलाइन करा. ऑनलाइन केला तर सही-शिक्क्याची प्रत घेऊन चौकीत या. तिथे प्रिंटर बंद, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. अर्जात 'अटारी' या शब्दाला खाली रेघ मारून कुणीतरी प्रश्नचिन्ह काढलंय. चार खेपा, चार अर्ध्या रजा. रिक्षाचे 640 मी वरच्या रकमेत धरलेले नाहीत.

मला हावरट म्हणाल, म्हणा. पण जो गेम दुकानातच आला नाही, त्याची किंमत ताडून बघायची तरी कशाशी?

परवा चौकीतून फोन आला. मला वाटलं, सापडला! तर म्हणे, "ती बंदूक घेऊन या, जमा करावी लागेल."