लोड, पट्टा आणि दोन विटा: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी शाळेत शिकवते. दिवसभर उभं राहायचं, बोलायचं. घरी आल्यावरही डोक्यात वर्ग भरलेलाच असतो. गेल्या पावसाळ्यात अय्यंगार पद्धतीचा, म्हणजे साधनांचा आधार घेऊन आसनं करण्याचा, योगवर्ग लावला आणि घरच्या सरावासाठी एक लोड, एक पट्टा आणि दोन लाकडी विटा घेतल्या. घोंगडी घरात होतीच.

आधी लोडाविषयी. कापूस ठासून भरलेलाच घ्या. फोमचा उचलायला हलका, पण पाठ टेकली की दबतो आणि छाती उघडत नाही. कापसाचा जड असतो, पावसाळ्यात ओल धरतो, ऊन पडलं की गच्चीवर टाकावा लागतो. तेवढं करायची तयारी ठेवा. पट्ट्याची कडी धातूची हवी. माझ्या पहिल्या पट्ट्याची प्लॅस्टिकची कडी ताण आला की सरकायची. विटांबद्दल तक्रार नाही.

सगळ्यात जास्त वापर होतो तो सुप्त बद्धकोणासनात. पाठ लोडावर, तळवे एकमेकांना जुळलेले, पट्टा कमरेमागून घेऊन पावलांभोवती आवळलेला, मांड्यांखाली विटा. सुरुवातीचे काही आठवडे मांड्या आधारावर सुटतच नव्हत्या. आधार असूनही मी स्वतःला धरून ठेवत होते. पुढे कधीतरी त्या सुटल्या. पोट मऊ झालं, श्वास आपोआप लांबला. विचार येतात अजूनही, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचे हॉर्नही ऐकू येतात, पण त्यातल्या कशालाही उत्तर द्यावंसं वाटत नाही. मला मिळालेली शांतता ती हीच, आणि मला ती पुरते. आसन साधण्यासाठी पतंजलींनी प्रयत्नशैथिल्य, म्हणजे प्रयत्नाची ओढाताण सैल सोडणं, सांगितलं आहे. वर्गात ते अनेकदा कानावर पडलं होतं. पटलं मात्र मांड्या सुटल्या तेव्हा.

ही पद्धत घडवणारे बी. के. एस. अय्यंगार १९१८ साली कर्नाटकातल्या बेळ्ळूरला जन्मले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा आजारांनी ते खंगलेले होते. १९३७ मध्ये ते पुण्यात शिकवायला आले आणि इथेच राहिले. त्यांची संस्था १९७५ पासून पुण्यात आहे. आजारी, ताठरलेल्या, वयस्कर माणसालाही आसनात टिकता यावं म्हणून त्यांनी दोर, खुर्च्या, विटा वापरात आणल्या. दुखणं अंगावर काढलेल्या माणसानेच हे सुचवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विपरीत करणीत कमरेखाली लोड आणि पाय भिंतीला वर. संध्याकाळी जड झालेल्या पोटऱ्या हळूहळू हलक्या होतात. पावलं नजरेसमोर असतात. टाचेच्या भेगा, अंगठ्याशेजारचं घट्टं. या पावलांनी मला इतकी वर्षं फळ्यासमोर उभं ठेवलं, आणि मी त्यांच्याकडे बघत होते ती फक्त चप्पल घेताना. मग शवासनात एकेका अवयवावर लक्ष नेताना गळ्यापाशी थांबते. रोज सहा-सहा तास आवाज पुरवणारा हा गळा! डोळे भरून येतात कधीकधी, आणि मी ते येऊ देते.

माझा दुखरा गुडघा मात्र पूर्ण बरा झालेला नाही. जिना उतरताना अजून कळ येते. पण आता त्याच्यावर चिडत नाही, हात फिरवते.

काचबिंदू किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर विपरीत करणी डॉक्टरांना आणि शिक्षकांना विचारूनच करा. नवीन माणसाने किमान काही महिने वर्गात शिकावं, कारण आधार बोटभर सरकला तरी कंबर धरते. आणि सगळं एकदम घेणं जमत नसेल तर आधी लोड घ्या. पट्ट्याच्या जागी जुनी सुती ओढणी चालते.