ओशन सायन्सची पदवी: दुसऱ्या वर्षातून लिहितेय

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पीयूसीला सायन्स घेतलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. आपल्याकडं सीईटी आणि नीटच्या पलीकडचं काही विचारायचं म्हटलं तर माणूस सापडत नाही. मी ब्रिटनमध्ये ओशन सायन्सची तीन वर्षांची बीएस्सी करतेय.

आधीच सांगते, डॉल्फिन आणि प्रवाळांच्या ओढीनं यायचं असेल तर मरीन बायॉलॉजीची पदवी वेगळी असते. फॉर्म भरून देणाऱ्या सल्लागारानं आम्हाला दोन्ही एकच म्हणून सांगितलं होतं. बाबांनी अभ्यासक्रम विषयवार वाचून काढला तेव्हा खरं कळलं. इथं फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, भूगर्भशास्त्र चारही आहेत आणि चारही विषयांत गणित लागतं. लाटा, भरती-ओहोटी, पृथ्वीच्या फिरण्यामुळं वळणारे प्रवाह, सगळं समीकरणांतूनच. शिवाय आकडे हाताळायला पायथन. पीयूसीचं कॅल्क्युलस कच्चं असेल तर निकालानंतरच्या सुट्टीत पुन्हा करून घ्या, नाहीतर पहिलं वर्ष जड जातं.

प्रॅक्टिकलवर मात्र माझा जीव आहे. जहाजावरून सीटीडी नावाचं यंत्र खाली सोडतात. ते जाता जाता पाण्याचं तापमान, क्षारता आणि खोली नोंदवतं, आणि सोबतच्या लांब बाटल्या हव्या त्या खोलीवर बंद होऊन तिथलं पाणी वर आणतात. त्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत करताना हात फार जपून चालवावा लागतो. काचेची छोटी बाटली नळीनं तळापासून भरायची, पाणी वरून वाहू द्यायचं. आत बुडबुडा राहिला की नमुना वाया. मग मँगनीजचं द्रावण आणि अल्कलीतलं आयोडाइड घातलं की बघता बघता तपकिरी साका धरतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. आपल्या अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या पट्ट्यात ऑक्सिजन इतका कमी आहे, की मध्यभागी तो जवळजवळ नसतोच. हे ऐकल्यापासून तिथलं पाणी एकदा स्वतः तपासायचं मनात आहे.

क्षारतेच्या तासाला तर खानापूरच आठवलं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, म्हणून तो अधिक खारा. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी, कृष्णा गोडं पाणी ओततात, म्हणून तो कमी खारा. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीची मलप्रभा कूडलसंगमला कृष्णेला मिळून तिकडं जाते, आणि त्याच तालुक्यात उगवणारी म्हादई पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांत! समुद्र न बघता वाढलेल्यांना हा विषय परका वाटेल, असं कुणी म्हणालं तर हेच सांगा की.

पैशाचं स्पष्ट बोलते. फी आणि राहणं दोन्ही महाग, आमच्या घरावर कर्ज आहे. तेवढी ओढाताण झेपणार नसेल तर दुसरी वाट चांगली आहे, आणि ती कमी दर्जाची अजिबात नाही. बेळगावातच फिजिक्स, केमिस्ट्री, झूलॉजी किंवा जिऑलॉजी घेऊन बीएस्सी करा, मग एमएस्सीला गोवा विद्यापीठ किंवा कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे कुसॅट. मरीन बायॉलॉजीच हवी असेल तर कर्नाटक विद्यापीठाचा विभाग कारवारला आहे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करतेय, चोर्ला घाट उतरलं की गोवाच.

कुठलाही फॉर्म भरण्याआधी एक करून बघा. आर्गो या जागतिक प्रकल्पाचे फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेली आपोआप मोजणारी यंत्रं, १००० मीटर खोलीवर वाहत राहतात, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरून मोजत मोजत वर येतात आणि उपग्रहाला आकडे देतात. हा डेटा सगळ्यांना फुकट आहे, हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडूनही मिळतो. अरबी समुद्रातला एखादा फ्लोट निवडा, खोलीनुसार तापमानाचा आलेख काढा. रेघ वरच्या थरात सरळ येऊन मग एकदम का घसरते, हे शोधण्यात संध्याकाळ कशी गेली कळलं नाही, तर अर्ज करा.